चार नंबरची कॅसेट

वन्सं,

उद्या तुमचा तेरावा. फ्रिजच्या दारावर कामांची यादी लावली आहे. एकोणीसपैकी सोळा झाली. गुरुजींचं सामान आलं, स्वयंपाकाच्या बाईंना माणसांचा आकडा कळवला, मिलिंदच्या सासरच्यांना आणायला स्टेशनवर कोण जाणार तेही ठरलं. सतराव्या ओळीत लिहिलंय, ‘वन्सं – लिहिणे’. म्हणून बसले आहे.

गेले बारा दिवस येणारा-जाणारा प्रत्येकजण मला विचारतो, “सुलभा, तू ठीक आहेस ना?” इतकी वर्षं एकाच इमारतीत, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्यावर, लोकांना वाटतं मी कोसळेन. मी मान हलवते. खरं उत्तर देता येत नाही. मला हलकं वाटतंय, वन्सं. आठ वर्षं तुमच्याशी खोटं बोलत होते, आणि ते तुम्ही जायच्या आत सांगून झालं. एक महिना उशीर केला असता तर आज हे लिहायला बसण्याची माझी हिंमत झाली नसती.

पण सुरुवात तिथून नको. तुम्ही म्हणायचात, आधी सगळं कापड पसरून बघ, मग कात्री घे.

मिलिंद तेव्हा हिंजवडीला नुकता लागला होता. कंपनीने सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं आणि येताना त्याने तुमच्यासाठी व्हिडिओ कॅमेरा आणला. तुम्ही त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालात, मुलींच्या कित्येक पिढ्यांना शिवण शिकवून. त्याची कल्पना अशी की आई लग्नकार्यात जरा शूटिंग करेल, तिचा वेळ जाईल. तुम्ही दोन महिन्यांत सहा कॅसेटी भरल्यात आणि मग सहाच्या सहा बसून बघितल्यात.

“हे कोण बघणार?” तुम्ही म्हणालात. “सहा तासांतले चार तास लोक जेवतायत.”

मग मिलिंदने जुन्या कॉम्प्युटरवर एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि पुन्हा अमेरिकेला गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “मामी, आईला ते फोल्डर वगैरे जमायचं नाही. तू व्यवस्थित आहेस, तू लक्ष दे.”

तुम्ही आतून ऐकत होतात. “बरोबर आहे. मी कापते, ती घड्या घालेल.”

आणि तशीच वाटणी झाली. मी भोसरीच्या कारखान्यात स्टोअर्स बघते, त्यामुळे माझी सुट्टी गुरुवारची. वीजसुद्धा दुरुस्तीच्या नावाखाली गुरुवारीच जायची; कधी दहाला, कधी साडेअकराला, तिच्या मर्जीने. ती असेल तेवढ्या वेळात आपण दोघी त्या कॉम्प्युटरपुढे. मी एक वही केली. कॅसेट नंबर, तीत काय आहे, कॉम्प्युटरवर उतरवली का. उतरवली की ‘झालं’ लिहून बरोबरची खूण. खूण झालेली कॅसेट पुन्हा वापरायला मोकळी. आता फोनमधून दोन मिनिटांत सगळं जातं. तेव्हा कॅमेऱ्यात काडेपेटीहून थोडी मोठी ती कॅसेट घालायची, केबल जोडायची, आणि तासाभराची कॅसेट उतरवायला तासभर बसायचं. मध्ये माऊसला हात लावायचा नाही. तुम्ही तेवढ्यात मटार सोलायचात.

आपली पहिली फिल्म सोसायटीच्या हळदीकुंकवाची. अकरा मिनिटांची, आणि प्रत्येक जोडावर नवी करामत. कुठे पान उलटतंय, कुठे चौकोन गरगर फिरतोय, कुठे बदाम उघडून त्यातून वाण लुटणाऱ्या बायका बाहेर येतायत. सॉफ्टवेअरमध्ये जे जे होतं ते सगळं आपण वापरलं होतं. तुमच्या यजमानांना, दिनकररावांना, मोठ्या हौसेने खुर्चीत बसवून दाखवली. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत पाहिली आणि विचारलं, “ह्यात मी कुठे आहे?”

“हळदीकुंकवात पुरुष नसतात,” तुम्ही म्हणालात.

“मग मला कशाला बसवलंत?”

ते बाहेर गेल्यावर तुम्ही फिल्म पुन्हा लावलीत. मग म्हणालात, “हा झालरीचा फ्रॉक झालाय. काढ सगळ्या झालरी.” संपूर्ण गुरुवार आपण झालरी उसवत बसलो. त्यानंतर आपल्या फिल्ममध्ये बदाम कधी उघडला नाही.

मी घातलेल्या गोंधळावर तुम्ही कधी रागावला नाहीत, हे मला नंतर फार टोचलं. एकदा मी शहाणपणा करून सगळ्या फाइलींना नीट नावं दिली, तारखेप्रमाणे फोल्डर केले, जुने फोल्डर काढून टाकले. स्टोअर्समध्ये असंच करतात. दुसऱ्या गुरुवारी प्रोजेक्ट उघडलं तर एकही दृश्य नाही, नुसत्या लाल पट्ट्या. सॉफ्टवेअर जुन्या नावांनी जुन्या जागी शोधत होतं आणि मी सगळं हलवून ठेवलं होतं. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, “उसवलंय गं. फाटलं नाहीये.” मग एकेक फाइल कुठे आहे ते सॉफ्टवेअरला दाखवत आपण सगळं पुन्हा जोडलं.

कापण्यावरून मात्र आपलं कधीच जमलं नाही. मला कुणी बोलत नसलं की ती जागा रिकामी वाटायची. काढा ती, म्हणजे फिल्म आटोपशीर होईल. तुम्ही माझा हात धरायचात. “बोलणं संपलं की लगेच कापू नकोस. शिलाईसाठी दोन बोटं सोड. माणूस बोलून झाल्यावर जे तोंड करतो ना, ते त्याचं खरं तोंड.” मी म्हणायचे, अशाने फिल्म लांबते. तुम्ही म्हणायचात, तुला स्वयंपाक टाकायचाय म्हणून माणसं छोटी करू नकोस. आणि मला वाटायचं, बाईंना कात्री चालवता येते पण टाकवत नाही काही. चिंध्यासुद्धा डब्यात ठेवणारी पिढी.

मग आली दिनकररावांची साठीशांत. कोथरूडच्या एका छोट्या कार्यालयात. तुम्ही यजमानीण, त्यामुळे कॅमेरा स्टँडवर लावून ठेवला होता आणि अधूनमधून येऊन त्याचं तोंड फिरवत होतात. तीन नंबरच्या कॅसेटवर विधी, चार नंबरवर आशीर्वाद आणि पंगत.

चार नंबर उतरवायला घेतली त्या गुरुवारी वीज साडेअकराला जाईल असं कळलं होतं. मी कॅसेट चालू केली, खाली जाऊन कुकर लावायचा होता, म्हणून जायच्या आधीच वहीत ‘झालं’ लिहून खूण करून टाकली. स्टोअर्समधली सवय. फाटकाशी ट्रक उभा राहिला की अर्धी नोंद मी तिथेच करते, माल कुठे पळून जातोय? तो कधीच पळून गेला नव्हता. वीज त्या दिवशी अकरा वाजायच्या आतच गेली. पुन्हा आली तेव्हा मी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि वही पाहिली. वहीत खूण होती. माझ्याच हातची, म्हणून मी तपासलं नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या भाचीच्या मुलीचं बारसं होतं. तुम्ही कॅमेरा मला दिलात आणि म्हणालात, “वहीत बघून मोकळी कॅसेट घे.” मी चार नंबर घेतली.

कळलं ते तीन महिन्यांनी. कॉम्प्युटरवर चार नंबरची पहिली बावीस मिनिटं होती. कॅसेटवर पंचेचाळीस मिनिटं बारसं, आणि त्यापुढे साठीशांतीचा शेवट. मधली तेवीस मिनिटं जगात कुठेही नव्हती. मी तीन-तीनदा हिशोब मांडून पाहिला, तेवीसच येत होती. तुम्हाला सांगायचं ठरवलं. गुरुवारी सांगू म्हटलं. त्या गुरुवारी ऑडिटमुळे सुट्टी गेली. पुढच्या सोमवारी दिनकरराव सकाळी फिरायला गेले ते परत आले नाहीत. बागेतल्या बाकावरच गेले.

आता कसं सांगणार होते? तुमच्याकडे त्यांचं हलतं-बोलतं असं ते दोन कॅसेटींइतकंच होतं, आणि त्यातला एक तुकडा मी पुसला होता, कुकर लावायच्या घाईत.

वर्षश्राद्धाला तुम्ही त्यांची फिल्म करायला घेतलीत. मी रोज वाट बघत होते, कधी विचाराल. एका गुरुवारी विचारलंत. “पंगतीचं कुठंय गं?”

“कॅसेटला बुरशी लागली, वन्सं. पावसाळ्यात लागते.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. “हं,” म्हणालात. आणि माऊस पुढे सरकवलात.

फिल्म नऊ मिनिटांची झाली. शेवटी दिनकरराव उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसतात, डोळ्यांना लावतात आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं बाजूला बघतात. तुम्ही ती हाक आणि ते बघणं, दोन्ही ठेवलंत. संपल्यावर त्यांचे थोरले भाऊ म्हणाले, “दिनू आत्ता पाणी मागेल असं वाटलं.” सगळे रडले. मीही रडले, पण मी तेवीस मिनिटांसाठी रडत होते. त्यात काय असेल, कुणाशी काय बोलले असतील, तुमच्या पानात काही वाढलं असेल का त्यांनी, असलं सगळं मी आठ वर्षं कल्पून घेतलं. प्रत्येक वर्षी ते जास्त चांगलं होत गेलं.

मागच्या महिन्यात तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं. आता औषधं फक्त दुखू नये म्हणून, हे तुम्हीच डॉक्टरांकडून वदवून घेतलंत. दुपारी मी तुमच्या उशाशी बसून यादी करत होते. तुम्ही हात पुढे केलात. “आण इकडे. माझ्या नावावर काय काय लावलंयस बघू.”

तुम्ही चष्मा चढवून मोठ्याने वाचायला लागलात. “एक, गोळ्या. दोन, पाण्याची गादी. तीन, मिलिंदचं तिकीट. चार, बँकेत वारस. बरं. पाच, खिडकीचा पडदा. सहा, डायपर... हे जरा बारीक अक्षरात लिही गं, लोक येतात. सात, कॅसेट चार.” तुम्ही थांबलात. “सात नंबरला काय करायचंय?”

मी ते स्वतःसाठी लिहिलं होतं. यादी तुमच्या हातात जाईल हे डोक्यातच आलं नव्हतं. पण लिहिलेलं काम करायचं असतं. मी सांगून टाकलं. वीज, कुकर, खूण, बारसं, बुरशी. एका दमात. शेवटी म्हणाले, “हे उसवलं नव्हतं वन्सं. हे फाटलं, आणि माझ्या हातून फाटलं.”

तुम्ही यादी पोटावर ठेवलीत. “ज्या कॅसेटला बुरशी लागते, तिच्यावर बारसं बरं दिसतं स्वच्छ?”

मी पेनाला टोपण लावलं.

“डबीवर तुझ्या सुंदर अक्षरात ‘बारसं’ लिहिलेलं. खाली खोडलेला चार. मला काय वाचता येत नाही? पस्तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या मी.”

“तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?”

“तू बोललीस का?”

आणि मग तुम्ही ते सांगितलंत. साठीशांतीच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही ती कॅसेट कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर एकटीने पाहिली होती. पंगतीत कुणीतरी दिनकररावांना विचारलं, वहिनी हल्ली काय करतात? ते म्हणाले, “तिला म्हातारपणी सिनेमाचं खूळ लागलंय. ब्लाउज कापून संपले, आता माणसं कापते.” पंगत खो खो हसली.

“ते बोलले त्याचं मला काही नाही गं,” तुम्ही म्हणालात. “छत्तीस वर्षं ऐकलं. मनाने वाईट नव्हते, कॅमेऱ्याचा स्टँड त्यांनीच खांद्यावर वाहून आणला होता कार्यालयात. पण बोलणं संपल्यावर कॅमेऱ्यात मी दिसते. जिलबीचा तुकडा हातात. आणि मी हसतेय. सगळ्यांबरोबर, तोंडभर. पाच-सहा वेळा मागे नेऊन बघितलं. तेच तोंड.”

खालून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली.

“पुसून टाकावं असं मनात आलं होतं. पण तुला इतकं शिकवलेलं, काही टाकायचं नाही, बोलून झाल्यावरचं तोंड ठेवायचं. माझाच नियम, आता मी कसा मोडू? आणि ते गेल्यावर तर त्यांचा एक शब्दही पुसणं शक्य नव्हतं. माझ्या हातून कधी झालं नसतं. मग ती डबी बघितली. बारसं! सुलभा, देवाशप्पथ सांगते, मी खुर्चीत बसले आणि हुश्श केलं.”

“मला आठ वर्षं झोप नाही, आणि तुम्ही हुश्श केलंत?”

“तुला सांगितलं असतं तर त्यात काय होतं तेही सांगावं लागलं असतं. तू बुरशी म्हणालीस. म्हटलं, बुरशी तर बुरशी.”

आपण दोघी हसायला लागलो. तुमचा भाऊ आतून धावत आला, दुखतंय की काय म्हणून. “काही नाही रे श्री,” तुम्ही म्हणालात, “हिची एक नोंद चुकली होती, ती सापडली.”

नंतर मी विचारलं, हे मिलिंदला सांगू का? तुम्ही थोडा विचार केलात. “सांग. लिहिलंस तरी चालेल, मी नसेन तेव्हा. फक्त त्या जिलबीचं लिहू नकोस. मला गोड बंद होतं तेव्हा.”

क्षमा असावी. जिलबी काढली की हसणं नीट दिसत नाही.

एक विचारायचं राहूनच गेलं, ते आता वादातच राहू दे. ती तेवीस मिनिटं वाचली असती तर वर्षश्राद्धाच्या फिल्ममध्ये तुम्ही काय केलं असतंत? मला वाटतं, ठेवली असतीत, दात आवळून. तुम्ही बहुतेक म्हणाला असता, तुला काय कळतंय त्यातलं. आणखी एक राहिलं. तुमच्यासोबतचे ते गुरुवार मला सुट्टीचे वाटत नसत, त्याहून पुष्कळ मोठे वाटत. हे मी कधी बोलले नाही. यादीतच कधी आलं नाही ते.

काल वही काढली. कॅसेट चारपुढचं ‘झालं’ खोडलं आणि लिहिलं, ‘अर्धी उतरवली. मधली तेवीस मिनिटं नाहीत. तक्रार नाही.’ स्टोअर्समध्ये अशी नोंद चालत नाही. इथे चालेल.

अठरावं काम तुमची फिल्म. उद्या जेवणं झाल्यावर सगळ्यांना दाखवायची आहे. मिलिंद म्हणाला, “मामी, आईचे चांगले चांगले शॉट निवड.” मी सगळ्या कॅसेटी लावून बसले, तर साठीशांत सोडून तुम्ही कुठे दिसतच नाही. एरवी कॅमेरा कायम तुमच्याच हातात. फक्त मागून आवाज. “सुलभा, उजेड अडवतेस.” “हसा जरा, फुकट आहे.” “श्री, पोट आत घे, फिल्म लांबतेय.” मी आधी हिरमुसले, मग तेच घेतलं. आपली सगळी माणसं एकेक करून कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मागे तुमचा आवाज. सात मिनिटं. मिलिंद बघताना एकदाच म्हणाला, “सगळे आईकडेच बघतायत.”

शेवटाला मात्र तुम्ही सापडलात, दोन नंबरच्या कॅसेटवर. तुमच्या गॅलरीत स्टँड लावला आहे. तुम्ही समोर येऊन उभ्या राहता, पदर सारखा करता आणि विचारता, “चालू आहे ना गं?” मागून माझा आवाज येतो, “हो.”

मिलिंद म्हणाला, “बस. ‘हो’वर कट कर, मामी. मस्त संपेल.”

पूर्वी मीही तिथेच कापलं असतं. त्यापुढे कुणी काही बोलत नाही. तुम्हाला काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं बहुतेक. तुम्ही उभ्या आहात. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होते. तुम्ही तिकडे बघता, पुन्हा कॅमेऱ्यात बघता, आणि मग तुम्हाला आपलं आपणच हसू येतं. कुणी काही म्हटलेलं नाही. कुणी दुसरं हसत नाहीये. एकट्या तुम्ही.

अकरा सेकंद आहेत. पूर्ण ठेवली आहेत.